कमी उजेडात कॅमकॉर्डरने चांगलं चित्रण कसं करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले जिव्हाळ्याचे बहुतेक क्षण दिवेलागणीनंतरचे असतात, आणि नेमक्या त्याच चित्रणात दाणे, पिवळे चेहरे आणि मागेपुढे होत राहणारा फोकस येतो. तेच तेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

खोलीत मला सगळं नीट दिसतं. मग कॅमेऱ्याला का दिसत नाही?

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फार सांभाळून घेतात. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ऑफिसातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स, आणि रात्री दिवा लावलेल्या घरच्या खोलीत ५० ते १५०. म्हणजे उन्हाच्या मानाने ती खोली जवळजवळ हजारपट अंधारी असते. पण बाहेरून आत आल्यावर थोड्याच वेळात आपण ते विसरून जातो. डोळ्याची बाहुली मोठी होते, आतला पडदा जास्त संवेदनशील होतो, उरलेली भर मेंदू घालतो. मिट्ट काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, पण ते सरावतात.

कॅमेऱ्याला ही सवड नसते. सेकंदाला २५ फ्रेम घेताना एका फ्रेमच्या वाट्याला फार तर १/२५ सेकंद येतो, बहुतेक वेळा त्याच्याही निम्मा. तेवढ्यात जो उजेड सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर पडला, त्यावरच चित्र उभं करायचं असतं. म्हणून 'मला तर दिसतंय' हा निकष सोडून द्या आणि उजेड कुठून येतोय, किती येतोय, चेहऱ्यावर पडतोय का, हे बघायची सवय लावून घ्या.

चित्रात दाणे येतात ते गेनमुळेच ना?

खापर नेहमी गेनवर, म्हणजे सेन्सरकडून आलेला सिग्नल कॅमेऱ्याने वाढवण्यावर फुटतं. खरं दुखणं उजेडाच्या तुटवड्याचं असतं.

पाऊस सुरू होताना कोरड्या अंगणातल्या फरश्यांवर पडणारे सुटे थेंब आठवा. एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर दोन, तिसरी कोरडीच. मुसळधार कोसळायला लागला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. सेन्सरवर लाखो बारीक चौकोन असतात आणि त्यांच्यावर प्रकाशाचे कण असेच पडतात. भिंत सगळीकडे एकाच रंगाची असली तरी कमी उजेडात एका चौकोनाला जास्त कण मिळतात, शेजारच्याला कमी. हा फरकच आपल्याला दाणे म्हणून दिसतो. प्रकाश चौपट केला, तर चित्राच्या मानाने दाणे साधारण निम्म्यावर येतात.

गेन फक्त गुणाकार करतो. ६ डेसिबल गेन म्हणजे सिग्नल दुप्पट, १२ म्हणजे चौपट, १८ म्हणजे आठपट. चेहरा आठपट उजळतो आणि त्याच्यासोबत दाणेही आठपट उठून दिसतात. गेन प्रकाश देत नाही. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात राहिली की पुढची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

दाण्यांचं आणखी एक नुकसान आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कॅमकॉर्डर चित्र दाबून, कॉम्प्रेस करून साठवतो. एव्हीसीएचडी पद्धतीत सेकंदाला जेमतेम २४ ते २८ मेगाबिट एवढीच जागा असते. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात, त्यामुळे कॅमेऱ्याला ती सगळी 'नवीन माहिती' वाटते आणि जागा त्यातच खर्च होते. चेहऱ्याचे बारकावे मागे पडतात, अंधाऱ्या भागात चौकटी चौकटी दिसायला लागतात. म्हणून रात्री चित्रण करताना रेकॉर्डिंगची सगळ्यात वरची क्वालिटी निवडा. कार्डवर जागा वाचवायची तर ती दिवसाच्या चित्रणात वाचवा.

मग सगळ्यात आधी काय करावं?

मेनूला हात लावण्याआधी दिवा हलवा.

एकदा माझे बाबा रात्री नातीला गोष्ट वाचून दाखवत होते. छताचा दिवा त्यांच्या पाठीमागे होता, त्यामुळे केस चमकत होते आणि चेहरा काळा. वाचायचा छोटा दिवा कोपऱ्यातल्या टेबलावर होता, दोघांपासून साधारण दोन मीटर. कॅमेऱ्याने गेन १८ डेसिबलवर नेला होता आणि पडद्यावर सगळं मुंग्या आल्यासारखं दिसत होतं. मी छताचा दिवा घालवला, टेबल ओढून दिवा एक मीटरवर आणला आणि म्हटलं, "बाबा, पुस्तक थोडं इकडे धरा ना." उघड्या पुस्तकाच्या पांढऱ्या पानांवर उजेड पडला आणि तिथून उसळून दोघांच्या चेहऱ्यांवर खालून हलकासा आला. गेन ६ डेसिबलवर उतरला. मागची भिंत अंधारात गेली, तिथलं कपाट, पसारा सगळं नाहीसं झालं. तो व्हिडिओ आजही आमच्या घरी सगळ्यांत जास्त वेळा पाहिला जातो.

यात जादू काही नाही. दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, आणि चौपट उजेड म्हणजे १२ डेसिबल गेनची बचत. भिंतीएवढ्या मोठ्या उजेडाला हा हिशोब तंतोतंत लागू होत नाही, पण टेबल लॅम्प, बल्ब, मेणबत्ती यांना छान लागू होतो. तेव्हा माणसाला दिव्याजवळ आणा, नाहीतर दिवा माणसाजवळ न्या. अंधारी बाजू उचलायची असेल तर थर्माकोलचा पांढरा तुकडा, उशीचा पांढरा अभ्रा, अगदी वर्तमानपत्रसुद्धा त्या बाजूला धरून पाहा.

कॅमेऱ्यावर बसवायचा एलईडी दिवा घ्यावा का?

घ्या, पण कॅमेऱ्यावर बसवून समोरून मारू नका. समोरचा उजेड चेहरा सपाट करतो, नाकडोळ्यांचा उठाव जातो, माणसं डोळे बारीक करतात आणि मागे भिंतीवर कडक सावली पडते. शिवाय दिवा आपल्या अंगावर रोखलाय हे कळलं की माणूस मोकळा राहत नाही.

छत पांढरं आणि फार उंच नसेल तर तोच दिवा छताकडे वळवा. उजेड निम्म्याहून कमी होईल, पण तो सगळ्या खोलीत मऊ पसरेल आणि दिवा लावलाय हेही कुणाच्या लक्षात राहणार नाही. छत उंच किंवा गडद असेल तर दिवा हातभर बाजूला आणि डोक्याच्या थोडा वर धरायला कुणाला तरी सांगा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा बघा. ९५ किंवा जास्त असेल तर त्वचेचा रंग बरोबर येतो. स्वस्त दिव्यांत तो कमी असतो, आणि मग चेहऱ्यावर जी हिरवट कळा येते ती नंतर कितीही झगडलं तरी पूर्ण जात नाही.

सेटिंग कोणत्या क्रमाने बदलू?

आधी आयरिस म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडा. मग शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळायचा वेळ, जेवढा हळू चालेल तेवढा हळू करा. तरीही कमी पडलं तर गेन. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो, आणि ऑटो मोडमध्ये तो बऱ्याचदा उलटा झालेला दिसतो: थोड्याफार हालचालीला शटर १/१०० वर आणि गेन भरमसाट. तुमच्या कॅमकॉर्डरमध्ये पूर्ण मॅन्युअल नसेल तरी 'एई शिफ्ट' (ऑटोने ठरवलेला उजळपणा कमीजास्त करायची सोय) किंवा गेनची कमाल मर्यादा ठरवायची सोय असू शकते, ती मेनूत शोधा.

लेन्ससमोर काही लावलेलं आहे का तेही बघा. दिवसा बसवलेला एनडी (उजेड कमी करणारी गडद काच) किंवा पोलरायझर (चमक कमी करणारा) फिल्टर रात्री तसाच राहून जातो. पोलरायझर एकटाच निम्म्याहून जास्त उजेड गिळतो. यूव्ही फिल्टर उजेड खात नाही, पण चौकटीत दिवा आला की त्याचं भूत चित्रात दुसरीकडे उमटतं. रात्री तोही काढून ठेवा.

झूम केला की चित्र आणखी काळं का होतं?

कॅमकॉर्डरच्या लेन्सवर 'एफ १.८ ते ४' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा वाइडचा, दुसरा पूर्ण झूमचा. वाइडला एफ १.८ आणि झूमला एफ ४ म्हणजे सेन्सरवर पोचणारा उजेड जवळजवळ पाचपट कमी. शिवाय झूममध्ये हाताची थरथरही मोठी होते.

तेव्हा शक्य असेल तिथे पायाने जवळ जा आणि लेन्स वाइडलाच ठेवा. कमी उजेडात फुकटात मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे. डिजिटल झूम मात्र बंदच करा. तो चित्राचा तुकडा कापून मोठा करतो, आणि त्याच्यासोबत दाणेही मोठे होतात.

शटर स्पीड किती ठेवू?

दिवे कुठल्या विजेवर चालतात त्यावर आधी ठरवा. ५० हर्ट्झ वीज असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. हे जुळलं नाही की चित्रात लुकलुक दिसते, नाहीतर वर सरकणारे काळपट पट्टे दिसतात. काही एलईडी दिवे मंद करण्यासाठी फार भराभर चालूबंद होतात, त्यांना हे गणित लागू पडत नाही. अशा वेळी शटर थोडाथोडा बदलून पडद्यावर पाहावं लागतं, किंवा दिवा पूर्ण प्रखर ठेवावा लागतो.

२५ फ्रेमवर चित्रण करत असाल तर १/२५ वापरून बघा. १/५० पेक्षा दुप्पट उजेड मिळतो. बसून बोलणारी माणसं, झोपलेलं बाळ, शहराचं दुरून दिसणारं दृश्य यांना तो चालून जातो. नाचाला अजिबात नाही, हातपाय पुसट पुसट होतात. त्याहून हळू शटर, १/१२ किंवा १/६, म्हणजे तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवणं. हालचाल तुटक होते. मी तो वापरत नाही. सेकंदाला ५० फ्रेमची सेटिंग असेल तर शटर १/५० च्या खाली नेऊन काही फायदा नाही. संध्याकाळी ती २५ वर आणा.

गेन किती चालेल?

हे दुसऱ्याला विचारू नका, तुमच्याच कॅमेऱ्याला विचारा. रात्री एका दिव्याखाली घरातल्या कुणाला तरी बसवा आणि ०, ६, १२, १८, २४ डेसिबलवर दहा दहा सेकंद रेकॉर्ड करा. दर वेळी आयरिस लहान करून चेहरा तेवढाच उजळ ठेवा. मग ते मोठ्या टीव्हीवर पाहा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं बरंच दिसतं. ज्या आकड्यापुढे चेहऱ्यावरचे बारकावे विरघळायला लागतात, ती तुमची मर्यादा. बहुतेक छोट्या सेन्सरच्या कॅमकॉर्डरमध्ये १२ च्या आसपास मन कच्चं व्हायला लागतं. एकदा आकडा सापडला की प्रत्यक्ष वेळेला धावपळ होत नाही.

ऑटोफोकस सतत मागेपुढे होतो. काय करू?

बऱ्याच कॅमकॉर्डरमध्ये फोकस कॉन्ट्रास्ट बघून लागतो. अंधारात कडा दिसत नाहीत आणि दाणेच कडांसारखे वाटतात, म्हणून लेन्स चाचपडत राहते.

फोकस मॅन्युअलवर टाका. खांद्याच्या कडेवर, चष्म्याच्या दांडीवर, शर्टाच्या पट्ट्यांवर, जिथे गडद आणि उजळ रेघ आहे तिथे फोकस लावा आणि मग त्याला हात लावू नका. कडा रंगीत करून दाखवणारं पीकिंग असेल तर चालू करा. पूर्ण झूम करून फोकस लावायचा आणि परत वाइडला यायचं ही जुनी पद्धत कॅमकॉर्डरच्या लेन्सवर बहुधा चालते, कारण झूम करताना फोकस टिकवणं हे त्या लेन्सचं कामच असतं. फोटोच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर त्यावर विसंबू नका. आणि वाइडलाच राहिलात तर फोकसला बरीच सवलत मिळते, दोनचार पावलांची हालचाल झाली तरी चित्र बिघडत नाही.

रंगमंचावर चेहरे पांढरेफटक का येतात?

ऑटो एक्स्पोजर पूर्ण चौकटीचा विचार करतो. चौकटीत नव्वद टक्के काळा पडदा आणि मध्ये झोताखालचा एक माणूस असेल, तर कॅमेऱ्याला वाटतं की सगळीकडे अंधारच आहे. तो चित्र उजळत नेतो आणि चेहरा जळून जातो. इथे उजेडाचा तुटवडा नाहीच, उलट झोताखाली भरपूर उजेड असतो. स्पॉटलाइट मोड असेल तर तो लावा, नसेल तर मॅन्युअलवर येऊन चेहऱ्यासाठी एक्स्पोजर बांधून टाका. झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, १०० टक्क्यांवर ठेवा. गालावर किंवा कपाळावर पट्टे दिसले की आयरिस एक घर मिटा. जळालेल्या भागात माहितीच उरत नाही, म्हणून तिथे थोडं गडद राहिलेलं चालतं.

दिवे रंग बदलत असतील तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला मानायचं ते ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. लाल दिव्याला कॅमेरा पांढरा करायला जातो आणि प्रकाशयोजना करणाऱ्याची सगळी मेहनत पुसून टाकतो. ३२०० केल्विनवर बांधा आणि रंगांना त्यांच्या रंगात राहू द्या.

घरच्या दिव्यात सगळं पिवळं येतं, आणि पिवळेपणा काढला तर निळे दाणे दिसतात. असं का?

पिवळ्या बल्बचं रंगतापमान साधारण २७०० केल्विन असतं, मेणबत्तीचं १९०० च्या आसपास. त्या उजेडात निळा भाग मुळातच फार थोडा असतो. पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा निळ्या रंगाला एकट्यालाच जास्त ताणतो, आणि मग दाणेही तिथेच जास्त. मी अशा वेळी सगळा पिवळेपणा काढत नाही. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स करण्याऐवजी ३२०० केल्विन ठेवते. थोडी ऊब उरते, ती संध्याकाळची वाटते आणि डोळ्यांना बरी दिसते.

सोडियमच्या रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट वेगळी. कमी दाबाचा सोडियम दिवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरचा उजेड देतो. त्यात दुसरे रंग नसतातच, त्यामुळे कुठल्याही सेटिंगने ते परत येत नाहीत. ते चित्रण कृष्णधवल करून पाहा, बऱ्याचदा सुंदर दिसतं.

नाइट मोड वापरू का?

इन्फ्रारेड नाइट मोड, सोनीच्या कॅमकॉर्डरवरचा नाइटशॉट म्हणजे हाच, पूर्ण अंधारातही चालतो. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरते आणि कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकतो. तो फक्त काही मीटरच पोचतो. रंग जातात, त्वचा मेणासारखी दिसते, डोळे चमकतात. झोपलेल्या बाळाला न उठवता टिपायला किंवा रात्री फिरणारा प्राणी पाहायला उत्तम. माणसांच्या आठवणींसाठी मात्र त्याऐवजी एक छोटा दिवा लावा.

नवीन कॅमेरा घेताना माहितीपत्रकातला लक्सचा आकडा बघावा का?

त्यावर भिस्त ठेवू नका. 'किमान १ लक्स' लिहिताना गेन पूर्ण वाढवलेला, शटर हळू केलेला असू शकतो, आणि 'दिसतं' म्हणजे किती दिसतं हेही प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. १ लक्स म्हणजे एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड. तेवढ्यात छोट्या कॅमकॉर्डरला काही टिपता येईल, पण पाहवेल असं नव्हे.

सेन्सरचा आकार बघा. '१ इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो. जुन्या कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ते नाव चालत आलंय. १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे चौपट कमी. लेन्सचा एफ आकडा आणि चौकट सारखीच असेल तर मोठा सेन्सर चौपट प्रकाश गोळा करतो. सेन्सरची रचनाही महत्त्वाची. २००९ मध्ये सोनीने पाठीमागून प्रकाश घेणारा सेन्सर घरगुती कॅमकॉर्डरमध्ये आणला. त्यात तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेतून बाजूला गेलं आणि छोट्या सेन्सरची रात्रीची दृष्टी बरीच सुधारली. हा प्रवास पुढे कुठवर गेला ते पाहायचं तर कॅननचा २०१५ चा एमई२०एफ-एसएच हा कॅमेरा बघा. फुल फ्रेम सेन्सरवर जेमतेम २२ लाख चौकोन, प्रत्येक चौकोन भलामोठा, आणि आयएसओ, म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, ४० लाखांच्याही वर. पिक्सेलचा आकडा मोठा म्हणजे कॅमेरा चांगला, हा समज रात्री टिकत नाही.

बाहेर रात्रीचं दृश्य चांगलं कसं येईल?

रात्र होण्याआधी घ्या. सूर्य मावळल्यानंतर तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशात निळा उजेड शिल्लक असतो आणि रस्त्यावरचे, खिडक्यांतले दिवे लागलेले असतात. दोन्हींचा तोल काही मिनिटंच जमतो. विषुववृत्ताजवळ हा संधिप्रकाश २०–२५ मिनिटांचा असतो, ध्रुवांकडे सरकाल तसा लांबतो. ट्रायपॉड आधीच लावून ठेवा. पाहणाऱ्याला ती रात्रच वाटते, पण आकाश काळंठिक्कर न होता निळं राहतं आणि इमारतींच्या कडा दिसतात.

ट्रायपॉड नसेल तर स्टॅबिलायझरवर भागेल का?

लेन्समधला ऑप्टिकल स्टॅबिलायझर रात्रीही उपयोगी आहे. इलेक्ट्रॉनिक मात्र अंधारात दगा देतो. प्रत्येक फ्रेम जागेवर बसवली जाते, पण शटर हळू असताना हाताच्या धक्क्याने त्या फ्रेममध्ये आलेला पुसटपणा तसाच राहतो. चित्र स्थिर, आणि मधूनच विनाकारण धूसर. भिंतीला खांदा टेका, कोपर पोटाशी घ्या, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून त्यावर कॅमेरा ठेवा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसलं, घरी येऊन पाहिलं तर काळं. का?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो छोटा पडदा झगझगीत वाटतो. त्याची प्रखरता कमी करा आणि निर्णय हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रात गडद-उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखावर घ्या.

चित्रण झाल्यावर कॉम्प्युटरवर किती सुधारता येतं?

आधी दाणे काढा, नंतर उजळा. अनेक फ्रेमची तुलना करून दाणे काढणारं सॉफ्टवेअर चांगलं काम करतं, कारण भिंत स्थिर असते आणि दाणे बदलत राहतात. चार फ्रेमची सरासरी घेतली की दाणे निम्मे होतात. हलणाऱ्या चेहऱ्यावर मात्र त्याचा जोर कमी ठेवा, नाहीतर त्वचा प्लॅस्टिकसारखी होते.

बहुतेक कॅमकॉर्डर ८ बिटमध्ये साठवतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात, त्या ताणल्या की भिंतीवर पट्टे उमटतात. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिकट चित्र साठवणाऱ्या सेटिंगमध्ये) घेतलेल्या अंधाऱ्या चित्रणाची हीच गत होते, म्हणून ८ बिट कॅमेऱ्यावर रात्री मी लॉग वापरत नाही.

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट उलट दिशेची आहे. सावल्या उचलण्याऐवजी थोड्या आणखी खाली दाबा. चेहरा आहे तिथेच ठेवा, मागचा राखाडी कोपरा पूर्ण काळा होऊ द्या. दाणे तिथेच सगळ्यांत जास्त वळवळत असतात, ते काळ्यात बुडून जातात. शार्पनिंग शून्यावर आणा. मूळ फाइल मात्र आहे तशी जपून ठेवा: दाणे काढणारी सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतायत, आणि बाबांच्या त्या गोष्टीचा व्हिडिओ मी आजवर मूळ फाइलवरून तीनदा नव्याने साफ केला आहे.